शांतामावशीची धार

विशू दिवाळीनंतर बालवाडीत जायला लागली. पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बापाचं बोट सोडून स्वतःच आत पळाली. तेव्हापासून घरी आली की तिचं तोंड थांबत नसे. आज चिऊचं गाणं म्हटलं, आज मातीचा साप केला, आज रघूने दाताने खडू फोडला. बकुळाला ती बालवाडी फक्त विशूच्या तोंडूनच माहीत. सकाळी मुलगी झोपेत असतानाच ती मिलमध्ये जाई, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तिची पहिली पाळी. शामरावची रात्रपाळी. तो सकाळी घरी येई, पोरीला न्हाऊमाखू घालून बालवाडीत सोडी, मध्ये जरा पाठ टेकून दुपारी घेऊन येई, आणि बकुळा परतली की मग खरा झोपे.

बालवाडी डिलाईल रोडवरच, त्यांच्या चाळीपासून चार चाळी पलीकडे, मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत भरायची. दादरहून सुनेत्राबाई म्हणून एक तरुण शिक्षिका यायच्या, आणि मुलांचं हवं नको बघायला शांताबाई होत्या. विशूचं नाव घालायला शांताबाईंनीच सांगितलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या मोर्च्यांत त्या आणि बकुळा शेजारीशेजारी चाललेल्या. रस्त्यात दिसल्या की त्या हाक मारायच्या, "बकुळा, पोर हुशार हा गो तुझी!"

जानेवारीतल्या एका संध्याकाळची गोष्ट. शामराव नुकताच उठून चहा पीत बसला होता. बकुळा स्टोपाशी भाजी चिरत होती. विशूने जमिनीवर बालवाडी मांडली होती. लाटणं, उलथणं, एक फुटकी कपबशी आणि बकुळाने जुन्या लुगड्याची करून दिलेली बाहुली, अशी मुलं ओळीने बसली होती. विशू बाईंच्या आवाजात दम देत होती.

"हाताची घडी! तोंडावर बोट! रघू, बोट!" रघू म्हणजे लाटणं.

बकुळाला हसू आवरेना. शामरावही हसला.

"आता पाणी प्या," विशू म्हणाली. तिने पेल्यात पाणी घेतलं आणि लाटण्याच्या टोकाला पेला लावला. मग उलथण्याला. मग कपबशीला. बाहुलीपाशी आल्यावर मात्र ती थांबली. बाहुलीला उचलून तिने ओळीपासून बरीच लांब, दाराजवळ नेऊन बसवलं.

"तू इथं. सरक. अजून सरक. ओंजळ कर."

आणि टाचा उंच करून, पेला डोक्याच्या वर धरून तिने बाहुलीवर पाणी ओतलं.

"अगं, अगं! सगळी जमीन भिजवलीस!" बकुळा ओरडली आणि फडकं घेऊन पुढे आली. फडकं जमिनीला टेकवताच तिचा हात थांबला. तिने वर बघितलं. विशूने पेला अजून तसाच उंच धरला होता. दोन बोटांत, काठाला चिमटीत पकडून, बाहुलीचा स्पर्श होऊ नये असा.

ही चिमूट बकुळाने पाहिली होती. गावाकडे, ती सातआठ वर्षांची असताना, विहिरीच्या काठावर. वरून पडणारं पाणी नाकातोंडात जाऊ न देता कसं प्यायचं ते तिला आईने शिकवलं होतं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पण विशूला ही चिमूट कुणी दाखवली?

"विशू," ती हळूच म्हणाली. "हिला पेल्यानं का नाही दिलंस?"

"ही विशूय," विशू म्हणाली.

"म्हणजे?"

"ही विशू. विशूला धार मिळते. लाटण्याला नाही मिळत." आणि मग आईला कळत नाही असं वाटून तिने नीट समजावलं. "शांतामावशी वरून धार सोडते. लांऽऽब. इथून. मग मी आ करते. मज्जा येते."

"शांतामावशी?"

"हो. मला न् कमळीला न् बाळूला. बाकीच्यांना नाही, त्यांना पेला."

कमळी आणि बाळू त्यांच्याच चाळीतली, त्यांच्याच समाजाची मुलं. बकुळाला आणखी काही विचारायचं उरलं नाही. तिने भिंतीला हात लावला.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. दीक्षेनंतर दोन महिन्यांनी ही पोर जन्मली, म्हणून हौसेनं बुद्धाच्या उपासिकेचं विशाखा हे नाव ठेवलं. घरातले देव शामरावने स्वतःच्या हाताने पिशवीत भरून समुद्रात सोडले होते. "हिच्या कानावर ते जुनं काही पडायचं नाही," असं तो तेव्हा म्हणाला होता.

बकुळाने त्याच्याकडे पाहिलं. तो पेटून उठेल, चहाची बशी भिरकावेल, असं तिला वाटलं होतं. तो बशीत बघत होता. चहा निवला होता तरी बशीत बघत होता.

"अहो," बकुळा म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

शामरावने बशी खाली ठेवली.

"माहीत होतं तुम्हाला!"

"नाताळाच्या आधी दिसलं," तो म्हणाला. "जरा लवकर गेलो होतो आणायला."

"आणि गप बसलात?"

"काय करू? भांडण काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोरीला घरी बसवलं असतं. दुसरी बालवाडी आहे कुठं इथं? गाणी म्हणते, दहापर्यंत आकडे म्हणते. तिला त्यातलं काही कळत नाही, बकुळा. बघ ना, हसते ती."

"हसते, म्हणूनच तर..." बकुळाने फडकं जमिनीवरच टाकलं. ज्या माणसाने चाळीत सभा घेतल्या, मुकादमाला तोंडावर सुनावलं, तो महिनाभर रोज पोरीला त्या दारात सोडून येत होता. घरी येऊन तिने शिकलेलं गाणं ऐकत होता.

विशूला काहीतरी बिघडल्याचं जाणवलं. तिने पेला खाली ठेवला. "मी पुसू पाणी?" तिने विचारलं.

शामराव डबा न घेताच कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी बकुळाने खाडा केला. विशूला तिने स्वतः तयार केलं, वेणीला रिबीन बांधली. आई बरोबर येणार म्हणून विशू वाटभर उड्या मारत होती. चाळीच्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्याने रंगवलेल्या होत्या, आणि मुंबई आता आपल्यालाच मिळणार अशी बोलणी नळावर, पानाच्या गादीवर चालली होती. बकुळाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

सुनेत्राबाईंनी तिचं हसून स्वागत केलं. "विशाखाची आई ना? बसा ना, बसा. फार गोड मुलगी आहे हो तुमची." बकुळा दाराशी सतरंजीच्या कडेला बसली. खोली स्वच्छ होती. भिंतीवर रंगीत कागदाच्या पताका होत्या. मुलं एकमेकांच्या मांडीवर लोळत होती, विशूचा हात कुणाच्याही गळ्यात होता. कुठे काही वेगळं दिसेना. क्षणभर बकुळाला वाटलं, आपलंच चुकलं असेल. पोरीने काहीतरी भलतंच खेळून दाखवलं असेल.

मग सुनेत्राबाई म्हणाल्या, "चला, पाणी पिऊन या." मुलं मागच्या गॅलरीत पळाली. सुनेत्राबाई चित्रं गोळा करत आतच थांबल्या. बकुळा उठून मुलांच्या मागे गेली आणि गॅलरीच्या दारात उभी राहिली.

शांताबाईंची तिच्याकडे पाठ होती. माठाजवळ उभ्या राहून त्या एकेकाच्या तोंडाला पेला लावत होत्या. मुलांचे गाल पुसत होत्या, कुणाला "हळू पी रे सोन्या" म्हणत होत्या. माया खोटी नव्हती. विशू, कमळी आणि बाळू न सांगता कठड्यापाशी जाऊन उभे राहिले होते. त्यांना आपली जागा ठाऊक झाली होती. सगळ्यांचं झाल्यावर शांताबाईंनी पेला पालथा ठेवला आणि तांब्या उचलला.

"चला माझी पाखरं. आ करा."

धार पडली. विशूने ओंजळ धरली, मान मागे टाकली आणि खिदळत पाणी प्यायली. फ्रॉकचा गळा भिजला. काल बकुळाने नुसतं ऐकलं होतं. हे डोळ्यांनी पाहणं निराळं होतं.

तेवढ्यात शांताबाईंचा नातू रघू पुढे आला. "आजी, मला पण धार!"

"तू पेल्यातून प्यायलास ना? झालं."

"मला नको पेला. मला विशूसारखी धार!"

"धार तुझ्यासाठी नाय."

"का?"

शांताबाई उत्तर शोधत वळल्या आणि त्यांना बकुळा दिसली. तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.

"बकुळा? कामावर नाय गेलीस?"

बकुळा पुढे गेली. काय बोलायचं ते तिने रात्रभर ठरवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि शांताबाईंसमोर धरली.

"मलाही तहान लागलीय, शांताबाई. घाला."

"असं काय करतेस गो..."

"घाला ना. पोरीला घालता तसं."

शांताबाईंचा चेहरा उतरला. "ऐक. माझ्या मनात काय नाय. ह्या पोरांच्या आया काय बोलतील? पोरं काढून नेतील. मला तर सगळी सारखीच."

"छप्पन साली लालबागला जिन्याखाली आपण दोघी दडलो होतो," बकुळा म्हणाली. "बाहेर गोळीबार चालला होता. वरून कुणीतरी लोटा दिला पाण्याचा. मी प्यायले आणि तुम्हाला दिला. माझा उष्टा. तुम्ही घटाघटा प्यायलात."

"त्या दिवसाची गोष्ट वेगळी होती," शांताबाई पटकन बोलून गेल्या. "तेव्हा जीव जात होता."

बकुळाला हे उत्तर कानफटात बसल्यासारखं लागलं. चार वर्षं ती त्या लोट्याची आठवण जपून होती. त्या दिवशी काहीतरी कायमचं संपलं असं तिला वाटलं होतं. आणि या बाईसाठी ती नुसती अडचणीची वेळ होती, जीव वाचल्यावर विसरून जायची.

आवाज ऐकून सुनेत्राबाई बाहेर आल्या. तांब्या, पालथा पेला, बकुळाची ओंजळ, कठड्यापाशी उभी राहिलेली तीन मुलं, सगळं त्यांनी पाहिलं.

"शांताबाई... हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," शांताबाई म्हणाल्या. "तुम्ही काय बोलला नाय. मला वाटलं, तुम्हाला चालतं."

सुनेत्राबाई पुढे झाल्या, पेला माठात बुडवला आणि विशूपुढे गुडघ्यावर बसल्या. "विशाखा, घे बाळ. ह्याच्यातून पी."

विशूने पेला ढकलला. "मला नको पेला! मला धार हवी! शांतामावशीची धार!" तिने जमिनीवर अंग टाकलं आणि रडायला लागली. तिला बघून कमळी रडली. रघूही रडायला लागला.

बकुळा बघतच राहिली. ज्यासाठी ती इथवर आली होती तो पेला पोरीच्या तोंडाशी होता, आणि पोर त्याला लाथा मारत होती. तिला सांगायचं तरी काय? धार का वाईट ते सांगायचं, तर विशू कोण, रघू कोण, सगळंच सांगावं लागेल. तीन वर्षांच्या पोरीला. बकुळाने तिला उचललं आणि तशीच रडती रस्त्यावर घेऊन आली.

त्यानंतर पंधरवडाभर बालवाडीत बरंच काही झालं. सुनेत्राबाईंनी माठ खोलीत आणून ठेवला आणि सगळ्यांना एकाच पेल्याने पाणी द्यायला लागल्या. काही आयांनी मुलं घरी ठेवली. पण त्यांच्याही पाळ्या होत्या, मुलांना ठेवणार कुठे? एकेक करत बरीचशी परत आली. रघू आला नाही. शांताबाई आपणहून काम सोडून गेल्या. शामराव आता विशूला सोडून लगेच घरी येत नसे. पाणी पिऊन होईपर्यंत तो रात्रपाळीचे तांबारलेले डोळे घेऊन दारात उभा राही. घरी कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. बकुळा आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका संध्याकाळी तिने विचारलं, "आज काय गायली?" आणि त्याने विशूचं नवं गाणं बेसूर म्हणून दाखवलं. पण तो चहा पीत बसला की बकुळाला ती संध्याकाळ आठवायचीच.

विशू मात्र रोज विचारायची, "शांतामावशी कुठं गेली?"

"गावाला गेली," बकुळा सांगायची.

मग एका रविवारी, परळच्या बाजारात, भाजीच्या गर्दीत विशूने आईचा हात सोडला. "मावशी!" ओरडत ती धावली आणि शांताबाईंच्या गुडघ्यांना दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. शांताबाईंच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी. त्या जागच्या जागी थिजल्या. बकुळा दोन पावलांवर थांबली. आजूबाजूला ओळखीच्या बायका होत्या, त्या बघत होत्या.

"तू गावाला गेली होतीस?" विशूने मान वर करून विचारलं. "माझ्यासाठी काय आणलं?"

शांताबाईंनी बकुळाकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, खाली वाकल्या आणि पदराने विशूचं वाहणारं नाक पुसलं. "पुढच्या वेळी आणीन हां," त्या म्हणाल्या.

बकुळाचा राग जागच्या जागी होता. तरी त्या पदराकडे बघताना त्या रागाचं काय करायचं ते तिला कळेना. पिशवी उचलून शांताबाई मटारवाल्याच्या पलीकडे वळल्या.

"चल, विशू," बकुळाने हात पुढे केला.

"मावशी परत बालवाडीत येणार?"

"मला माहीत नाही," बकुळा म्हणाली. या वेळी ती खोटं बोलली नव्हती.