गार लागणारा डबा

आमच्या जावयाला लाज म्हणून नाही. त्याचा मेहुणा, माझा धाकटा, जळून गेला त्याला महिना होत नाही, तोच हा पुन्हा रिक्षातळावर त्या शीतल महाराजाशेजारी उभा राहून गाड्यांची रांग लावतोय.

रांग बॅटरीवरच्या रिक्षांची. सीटखालच्या बॅटरीच्या डब्याला महाराज माती आणि लोकरीच्या भुग्याचा जाड लेप थापतो. उष्णता म्हणजे वस्तूचा राग, तो मी माझ्या अंगात घेतो, असं सांगतो. घेतो म्हणे! स्वतःला घाम फुटला की पंखा कुठाय म्हणून ओरडतो. रिक्षा फेरी मारून आली की लोक डब्याला हात लावतात. डबा गार. झालं, माणसं तिथंच त्याच्या पायांवर आडवी.

बहिणीच्या नवऱ्याचा शब्द मोडवेना म्हणून माझ्या धाकट्यानंही आपल्या रिक्षाला लेप लावून घेतला. भर उन्हात सीटखालून धूर आला. प्रवाशांना त्यानं उतरवलं, आणि डबा ओढून काढायला परत आत वाकला.

जावयाच्या रिक्षाला अजून तोच लेप आहे. तिच्यातून रोज माझी नात शाळेत जाते. म्हणून नातीला घेऊन मी तळावर गेले. पोरीनं घरी मला जे दाखवलं होतं, तेच तिथं सगळ्यांपुढं केलं. चहावाल्याकडून दोन पेले उकळतं पाणी घेतलं, एका पेल्याला महाराजाचाच लेप थापला. लेपाचा पेला हातात धरता येत होता, दुसऱ्याला बोट लाववेना. महाराज खुलला. थोडं थांबून पोरीनं बापाला दोन्ही पाण्यांत बोट बुडवायला लावलं. बिनलेपाच्या पेल्यातलं पाणी कोमट झालं होतं. लेपाच्या पेल्यात त्याला असा चटका बसला की तो कळवळला.

"बाबा, डब्याला बाहेरून त्या धातूच्या पट्ट्या कशाला असतात? आतली उष्णता त्यांच्यातून बाहेर येते आणि वारा ती घेऊन जातो. लेपानं ती आतच कोंडते. डबा वरून गार लागतो, तो म्हणूनच."

पोरीला श्रद्धा नाही, असं पुटपुटत महाराज बादली उचलून निघाला. त्याच्या मागं कुणी गेलं नाही. जावई बोट मुठीत धरून रडत होता. मला काय माहीत होतं, मी मेहुण्याचं भलंच बघत होतो, म्हणाला.

"जावईबापू, भलंच बघत होता, ठाऊक आहे मला. आणि माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण माझा पोरगा तुम्हाला म्हणाला होता, गाडी ओढत नाही, आत काहीतरी तापतंय, लेप काढून बघू. तुम्ही म्हणालात, शंका घेतली की गुण जातो. विचारणाऱ्याला तुम्ही गप्प केलंत, त्यात तो गेला. आता रडत बसू नका. खरवडा तो लेप. आधी स्वतःच्या गाडीचा, मग ज्यांना ज्यांना रांगेत उभं केलंत, त्या प्रत्येकाच्या."