शून्य रजा

शाल दुसऱ्यांदा खांद्यावरून घसरली तेव्हा एलिया ओहोळने ती डाव्या हाताने छातीशी आवळून धरली, उजव्या हातातली ट्रॉफी वर केली आणि फोटोवाल्याकडे पाहून पुन्हा एकदा हसला. मागे कॅन्टीनच्या भिंतीवर फलक लावला होता : 'विश्रांती सप्ताह. काम मन लावून, आरामही मन लावून.' त्याच फलकाखाली, तीस वर्षांत एकही रजा न घेतलेल्या स्टोअरकीपरचा सत्कार चालला होता आणि यात काही विचित्र आहे असं तिथे कोणालाही वाटत नव्हतं. वाटलं असतं तर चहा लवकर मिळाला असता.

कार्यक्रम पहिली पाळी सुटल्यावर, साडेतीननंतर ठेवला होता. विश्रांतीवरचं भाषण कामाच्या वेळेत ऐकवलं असतं तर काम बुडालं असतं ना! त्यामुळे सकाळी सातपासून मशीनपुढे उभी असलेली दीडशे माणसं आता प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसून आराम कसा करावा हे शिकत होती. निम्मी तर शिकवण्याआधीच झोपली होती.

एचआरच्या ज्ञानेश्वरी मॅडम महिन्यापूर्वीच पुण्याहून नगरच्या या कारखान्यात आल्या होत्या. उत्साह भरपूर, माहिती कमी. त्यांनी स्टँडवरचा माईक तोंडाजवळ ओढला.

"ओहोळ सरांचा एक किस्सा सांगते. सरांचे वडील वारले ना, तेव्हा सरांनी दफनविधी साडेचारला ठेवला. का? कारण पहिली पाळी साडेतीनला सुटते! याला म्हणतात कमिटमेंट."

टाळ्या पडल्या. मेलेला बाप बर्फाच्या लाद्यांवर वाट बघत पडलाय आणि मुलगा कारखान्यात वायसर मोजतोय, यावर टाळ्या वाजवणारी माणसंही जगात असतात. एलियाने मान किंचित झुकवून त्या स्वीकारल्या.

शेवटच्या रांगेत स्टोअर्समधलाच मच्छिंद्र बसला होता. पाथर्डीकडचा माणूस. तो शेजारच्याच्या कानाशी लागला, पण मच्छिंद्रचं कुजबुजणं चार रांगांना ऐकू जायचं.

"बैलालाबी पोळ्याला सुट्टी असती, गड्या. ह्यो तर बैलाच्या फुडं गेला."

मच्छिंद्र स्वतः यात्रेला, पुतणीच्या लग्नाला, बाजरी काढायला बिनदिक्कत रजा टाकायचा. तो नसताना स्टोअर्स बंद पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. एलिया नसता तरीही पडलं नसतं. फक्त ते ताडून बघायची संधी त्याने तीस वर्षांत कोणाला दिली नव्हती. मनातून त्याला त्याचीच भीती होती.

पहिल्या रांगेत त्याची बायको मरिया पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पर्समध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि दवाखान्याचा एक छापील कागद. पित्ताशयात खडे झाले होते. मंगळवारी सकाळी ऑपरेशन होतं. कागदावर 'रुग्णासोबत राहणाऱ्याचं नाव' अशी एक ओळ होती आणि ती अजून कोरी होती. दोन वेळा पोटात कळ उठून ती स्वयंपाकघरात खाली बसली होती. दोन्ही वेळा एलिया पाळीवर होता.

मरिया भिंगारच्या एका प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होती. एलियाने न घेतलेली प्रत्येक रजा तिनेच घेतलेली होती. मुलीचा गोवर, सासूचं मोडलेलं खुब्याचं हाड, सासऱ्यांच्या दफनाची सगळी तयारी, नळदुरुस्तीवाला, शाळेतली पालकसभा. प्रत्येक अर्जावर तिने एकच कारण लिहिलं : घरगुती. प्रत्येक वेळी मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "परत?" शिक्षकांच्या खोलीत तिला 'रजावाल्या बाई' म्हणत. नवऱ्याला तीस वर्षांनी ट्रॉफी मिळाली आणि बायकोला टोपणनाव. हा सत्कार बघायला यायलाही तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"प्रत्येक यशस्वी पुरुषामागे एक स्त्री असते," मॅडम म्हणाल्या. एवढं बोलून झाल्यावर त्यांना त्या स्त्रीचं नाव आठवेना. "तर मिसेस ओहोळ, दोन शब्द!"

मरिया उठली. माईक तिच्या उंचीला बसत नव्हता. तिने तो खाली ओढला नाही, टाचा उंच केल्या.

"माझ्या रजा संपल्यात," ती म्हणाली. "धन्यवाद."

कॅन्टीन खदखदून हसलं. झोपलेले जागे झाले आणि काय झालं ते न कळताच हसले. सगळ्यात मोठ्याने एलिया हसला. बायको इतकी विनोदी आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला बरंच काही माहीत नव्हतं.

भिंगारच्या घरी आल्यावर त्याने मुलीचे वक्तृत्वाचे कप मागे सरकवून शोकेसच्या मधोमध ट्रॉफी ठेवली. मग ती परत बाहेर काढली आणि पंच्याने पुसत बसला. 'तीस वर्षे, शून्य रजा' ही अक्षरं त्याने दोनदा पुसली. मरिया कणीक मळत होती. फोन ओट्यावर, स्पीकरवर; पलीकडे एंजेला, त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुण्यात बँकेत होती.

"मम्मी, मी सोमवारी संध्याकाळीच येते. तीन दिवस रजा टाकलीये."

"आणि बुधवारची मुलाखत?"

बढतीची मुलाखत होती. दोन वर्षं एंजेला तिच्यासाठी अभ्यास करत होती.

"पुढच्या वर्षी देईन की. साहेब नुसतं 'परत?' म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत."

मरियाचे हात कणकेत थांबले. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तो आपल्यापाशीच संपेल, मुलीपर्यंत जाणार नाही, असं तिने आजवर धरून चाललेलं होतं.

"तू येऊ नकोस. रजा रद्द कर आणि मुलाखत दे."

"मग तुझ्याजवळ कोण राहणार?"

"पप्पा आहेत."

"पप्पा?" एंजेलाने विचारलं. घरात कोणी नवा भाडेकरू आल्यासारखं.

"हो. ठेव आता फोन, अभ्यासाला बस."

एलियाचा पुसणारा हात थांबला.

"मी? अगं, आजच सगळ्यांसमोर ट्रॉफी दिली मला. आज शून्य रजा आणि मंगळवारी रजा? मॅडम काय म्हणतील?"

मरिया पुन्हा कणीक मळू लागली. तिचं गप्प राहणं त्याला होकारासारखं वाटलं. त्याला ते नेहमीच तसं वाटायचं. त्याने थोडा विचार केला आणि तोडगा काढला.

"डॉक्टरांना विचारून बघ ना, रविवारी जमतंय का."

तो हे मनापासून म्हणाला, आणि चीड यावी ती त्याचीच. एंजेला रविवारी जन्मली होती. 'पोरीनंसुद्धा साप्ताहिक सुट्टी बघून जन्म घेतला' हा विनोद तो सव्वीस वर्षं पाहुण्यांना ऐकवत आला होता. बापाला पाळी सुटल्यावर पुरला होता. आता बायकोचं पोट तेवढं रविवारात बसवायचं राहिलं होतं.

मरियाने हात धुतले. शाळेच्या पिशवीतून एक फुलस्केप कागद आणि पेन काढलं आणि ट्रॉफी बाजूला सारून त्याच्यापुढे ठेवलं.

"रजेचा अर्ज लिहा."

आवाज चढलेला नव्हता. तिसरीच्या वर्गात ती याच आवाजात शुद्धलेखन घालायची. एलियाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग शोकेसकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"कोणाला लिहायचा?"

"वर 'प्रति' लिहा. खाली साहेबांचं पद."

तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला रजेचा अर्ज लिहिता येत नव्हता. तिने सांगितलं तसं तो लिहीत गेला. पण कारणापाशी आल्यावर त्याने काही विचारलं नाही; एवढं आपल्याला कळतं, अशा थाटात त्याने स्वतःच दोन ओळी ओढल्या आणि कागद तिच्यापुढे धरला.

'...माझ्या पत्नीचे मंगळवारी मुतखड्याचे ऑपरेशन असल्याकारणाने...'

मरियाने ते वाचलं. खडे पित्ताशयात आहेत हे तिने त्याला तीनदा सांगितलं होतं. एकदा रिपोर्ट दाखवला होता, पोटावर बोट ठेवून जागाही दाखवली होती. तिन्ही वेळा तो 'हं' म्हणाला होता. सवयीने तिचा हात पिशवीतल्या लाल पेनाकडे गेला आणि तसाच परत आला.

"काय झालं? काही चुकलं का?"

तिने दुसरा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"परत लिहा. कारण राहू द्या. 'घरगुती' एवढंच लिहा."

"एवढ्यावर देतील?"

"मला देत होते."

एलियाने खाली मान घालून लिहायला घेतलं. आता अक्षर मघापेक्षा वाईट येत होतं. 'घरगुती कारणास्तव'पर्यंत येऊन तो थांबला.

"किती दिवस लिहू?"

"ते डॉक्टरांना विचारा. मंगळवारी भेटतीलच तुम्हाला."

चुकलेला अर्ज तिने फाडला नाही. त्याची नीट घडी घातली, ट्रॉफी उचलून शोकेसमध्ये ठेवली आणि तो कागद तिच्या खाली सरकवला. मग तवा तापत ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.