राजेश्वरीचं बंद झालेलं कार्ड

मी राजेश्वरीचं कार्ड बोलतेय. माजी सैनिकाच्या घरच्यांना दवाखान्यासाठी देतात ते. लोक कार्डाला ‘ते’ म्हणतात. पण माझ्या अंगावर दोन वेण्यांतल्या पोरीचा फोटो आहे, म्हणून मी स्वतःला बाईमाणूसच समजते. पटलं तर घ्या.

तिसगावचे सूर्यभान रणगाड्यांच्या पलटणीतून दफेदार होऊन पेन्शनीत आले, तेव्हा घरात तीन कार्डं निघाली. एक त्यांचं, एक त्यांच्या बायकोचं, भागूबाईचं, आणि तिसरी मी. राजेश्वरी तेव्हा अकरा वर्षांची. वर्षभर मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मग पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली. साखरेचं दुखणं निघालं, रोज इन्शुलिन टोचल्याशिवाय न भागणारं.

तिथून माझे दिवस सुरू झाले. दर महिन्याला भागूबाई मला रुमालात गुंडाळून छातीशी ठेवायची, पोरीला घ्यायची आणि करंजीचा घाट ओलांडून नगरला दवाखान्यात न्यायची. बसमध्ये पोरगी मला मागून घ्यायची आणि माझा कोपरा चावत बसायची. आईचा धपाटा बसला की खुदकन हसायची. दवाखान्यात म्हातारे फौजी रांग मोडत नाहीत, त्यांच्या बायका मोडतात. भागूबाई त्यात पहिली. मशीनमध्ये मला सरकवलं की औषधं मिळायची, आणि ती थर्मासात बर्फ घालून घरी यायची. मला वाटायचं, या पोरीच्या अंगातलं अर्धं रक्त माझंच आहे.

पोरगी चोविशीत आली आणि कोपरगावचं स्थळ आलं. मुलगा करण, साखर कारखान्यात कामाला. दफेदारांनी दुखणं लपवलं नाही. सगळं सांगितलं. करणची आई म्हणाली, “आवं, औषध बापाच्या कार्डावर फुकटच हाय की. आमाला काय जड हाय?”

या एका वाक्यावर सुपारी फुटली. दोन्हीकडचे पंधरा-वीस शहाणे बसले होते. एकानंही विचारलं नाही, की लग्न झाल्यावर हे कार्ड चालेल का?

चालत नाही. मुलगी लग्नाची झाली की बापाच्या कार्डावरून तिचं नाव निघतं. हे दफेदारांना कळलं ते लग्नानंतर, नगरच्या खिडकीवर. घरी येऊन सांगितलं तर भागूबाई उसळली. “कशाला कळवता? त्या मशीनला मंगळसूत्र दिसतं व्हय?”

“सतरा वर्षं नोकरीत खोटं बोललो न्हाई. आता बोलू?”

“मंग पोरीनं काय तुमचं खरं टोचून घ्यायचं?”

पण त्यांनी कळवलंच. मी बंद झाले. क्लार्क म्हणाला, “मावशी, कार्ड जमा करा.” भागूबाईनं मला उचलून परत रुमालात घातलं. “पोरगी दिली तेवढी बास. ही न्हाई देणार.”

मग मी पत्र्याच्या डब्यात पडून राहिले. पेन्शनीचे कागद, वर मी. भागूबाई डबा उघडायची तेवढाच उजेड. मला त्या पोरीच्या हाताची सय यायची. पण नीट विचार केला तर मागायची चोरी होती. लग्न झालेली मुलगी कार्डावर परत येते ती दोनच वाटांनी, संसार मोडून नाहीतर कुंकू पुसून. मग मी काय मागू?

संसार मोडलाच. करण वाईट नव्हता, नेभळट होता. औषध विकत आणायची वेळ आली तशी त्याची आई म्हणायला लागली, “सकाळी टोचलंय ना? मंग आता कशाला?” एक दिवस राजेश्वरी चुलीपुढंच कोसळली. तीन दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी भागूबाई तिला घेऊन आली, भांडीसुद्धा न मागता.

गावात चार माणसं बसली, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी झाली. तो कागद आणि मला घेऊन भागूबाई नगरला गेली. क्लार्क म्हणाला, “मावशी, हे चालत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो.”

“चार गावांनी मानलं. तुमालाच काय टोचतंय?”

“कोर्टानं मानलं की मी पण मानतो.”

मग पाथर्डीचं कोर्ट. दोघं राजी होते, तरी दीड वर्ष गेलं. औषध थांबून चालत नव्हतं, म्हणून राजेश्वरी गावातल्या डेअरीत दुधाची फॅट मोजायला बसू लागली.

गेल्या आठवड्यात हुकूम आला. भागूबाईनं मला डब्यातून काढून पदरानं पुसलं. पुढ्यात फॉर्म होता. त्यात लिहून द्यायचं होतं, मी वडिलांवर अवलंबून आहे, मला ठरावीक रकमेच्या वर कमाई नाही.

राजेश्वरीनं पेन खाली ठेवला. “आई, माझा पगार त्याच्या वर हाय.”

“मंग सोड डेअरी.”

“तिथं सासूकडं औषध मागायचे. हितं वडलांच्या नावावर मागू? माझी सुई माझ्या पैशानं येतीया. लई दिवसांनी नीट झोप लागतीया मला.”

भागूबाईनं फॉर्मची घडी घातली. म्हणाली, “कमव. पण एक सुई चुकवलीस तर डेअरीत येऊन सगळ्यांम्होरं थोबाड रंगवीन.”

“ये की. येताना चहा आण.”

दफेदारांनी मला शर्टाच्या खिशात ठेवलंय. उद्या जमा करणार. भागूबाई या वेळी आडवी आली नाही.

राजेश्वरी, तू माझ्याकडं परत येशील म्हणून मी दिवस काढले, आणि येऊ नयेस असंही म्हणत राहिले. तू आली नाहीस, बरं केलंस. पण तो कोर्टाचा कागद फाडू नकोस. नोकरी गेली, मोठं दुखणं आलं, तर मानपान धरू नकोस. नवं कार्ड काढून घे.

उद्या पहिल्या गाडीनं नगर. तू घाटापर्यंत सोबत आली असतीस तर बरं वाटलं असतं. पण ती दूध घालायची वेळ, तुला जमायचं नाही. राहू दे. आधी सुई टोच, दोन घास खा, आणि मगच डेअरीत जा.