राजाला कुंकू

आमच्या ह्यांना इंग्रजांच्या काळातल्या नोटांचा भारी नाद. मखमलाबादला झेंडूचा मळा आमचा, पण ह्यांचा जीव सगळा त्या नोटांच्या अल्बममध्ये. एकदा मी त्यातली एक नोट नुसती घडी घालून ठेवली, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही म्हणा!

सगळ्यात लाडकी दहा रुपयांची, पाचव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेली. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातली, कोरी करकरीत, टाचणीचं भोकसुद्धा नाही. दिवाळीनंतर गंगापूर रोडला जुन्या नोटांचं प्रदर्शन होतं. तिथं ती मांडायची म्हणून मोबाइलवरून सगळ्या गावाला फोटो पाठवून झाले होते.

सून हर्षाली चांदवडची. उन्हाळ्यात लग्न होऊन आली, पण अजून पाहुणीसारखीच वावरायची. तिला हे घर आपलं वाटावं, एवढीच माझी आस.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ह्यांनी प्लास्टिकचं नवं पाकीट घालायला ती नोट अल्बममधून बाहेर काढली आणि नेमका झेंडू न्यायला टेम्पो आला. हे गेले बाहेर. हर्षालीला वाटलं, नोट पूजेलाच काढलीय. तिनं ती पैशांच्या ताटात ठेवली आणि ओलं हळदकुंकू लावलं. तेही बरोब्बर राजाच्या कपाळावर!

हे आत आले, ताटाकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. हर्षालीला काय ते कळलं. पांढरीफटक पडली पोर. पदराचं टोक धरून पुसायला वाकली.

"पुसू नको!" हे ओरडले.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं डोकंच फिरलं. "आरडायला काय झालं? माणसापेक्षा कागद मोठा झाला का? सणाला आपण मोटारपंपालासुद्धा कुंकू लावतो. तिला काय स्वप्न पडलं होतं?"

हे उठले. मग नोट अलगद उचलून हर्षालीजवळ गेले. "रडू नको बाळा. ओलं पुसलं की कागद सोलतो, म्हणून ओरडलो. आणि लक्ष्मीला लावलेलं कुंकू पुसतं का कुणी?"

"पण नाना, प्रदर्शन?"

"न्यायची. अशीच."

मला वाटलं, तोंडदेखलं म्हणताहेत. पण खरंच नेली हो! हर्षालीलाही हट्टानं सोबत घेतलं, मीही गेले. तिथं एक चष्मेवाले गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "अरेरे! एवढी सुंदर नोट, डाग पाडून वाया घालवली."

हे तोंड उघडणार, त्याआधी हर्षालीच पुढं झाली.

"डाग नाही हो काका, कुंकू आहे. आमच्या घरची लक्ष्मी आहे ती. मी लावलंय."

मी डोळ्याला पदर लावला. हे उगीचच घसा खाकरत शेजारच्या टेबलावरच्या नोटा बघायला लागले.