दुसरी रॅम

स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा ताजा होता, चकचकीत... सीपीयूचं झाकण काढताना शमिकाला आधी तोच दिसला, आणि मग आत रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. म्हणजे एडिटिंगला घेतलेला गिऱ्हाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ सकाळपासून अडकत होता तो उगाच नव्हे — बत्तीस जीबीचे सोळाच उरले होते.

झाकण परवा विनीतने उघडलं होतं, धूळ काढायला. धाकटा दीर, मारुती मंदिराकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला, दुपारी जेवायला इथेच. गेल्या वर्षी या रॅम त्यानेच बसवल्या होत्या, खारे दाणे आणावेत इतक्या सहज — "पुढच्या खेपेला चौसष्टची टाकू वहिनी, हे स्वस्तच होत जाणार." आता चौसष्टच्या काय, एकशे अठ्ठावीसच्याही निघाल्या म्हणे, पण माल सगळा एआयवाल्या कंपन्यांनी उचललेला, आणि जुन्या सोळाच्या रॅमलाही सोन्याचा भाव. हेही त्यानेच सांगितलं, परवाच, चहा पिताना... तेव्हा त्याचा हात कुठे होता? मी बघितलं का?

तिने आठवून बघितलं, तर हात खिशात दिसला. पुन्हा आठवलं, तर कपाच्या कानात बोट. दोन्ही तितकंच स्पष्ट.

नवरा, सुजय, बोटीवर नोकरीला. त्याला काय कळवायचं — तुझा भाऊ...? मी तापाने दवाखान्यात होते तेव्हा उशाशी बसून राहिलेला हा माणूस. पण त्याच आठवड्यात माझी कानातली कुडी हरवली होती की, आणि मग कपाटामागे सापडली — विनीतलाच. इतकी वर्षं हे नुसतं सापडणं होतं.

दुपारी विनीत आला. तिने बांगड्याचं कालवण वाढलं.

"भावजी, एक रॅम दिसत नाही."

"ती होय? खराब निघाली. वॉरंटीत पाठवलीय. सांगायचं राहूनच गेलं बघा." मान खाली घालून तो काटे काढत राहिला.

"कधी येईल?"

"आता काय सांगू? माल नाहीच कुठे. येईल."

खरंही असेल. काटे काढताना कोण वर बघतं?

"थोडं कालवण वाढा वहिनी," त्याने ताट पुढे केलं, अगदी रोजच्यासारखं. आणि वाढता वाढता तिच्या लक्षात आलं, आपण मनातल्या मनात देवाला विनवतोय — चोरलेलीच असू दे... नाहीतर सकाळपासून आत हे जे वाढत चाललंय, ते माझं एकटीचंच पाप ठरेल.