तक्रार नसलेली खोली

प्लंबरने हातोडीच्या दांड्याने छतावर ठोकलं आणि गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा घरमालकांच्या पायाशी येऊन पडला. वर गंजलेली सळई उघडी पडली. तिच्या टोकाला पाण्याचा थेंब जमत होता, सुटत होता आणि पुन्हा जमत होता.

“हे आजकालचं नाही, मालक,” प्लंबर स्टुलावरून उतरत म्हणाला. “वरच्या बाईंच्या मोरीचा पाइप बघावा लागेल.”

“त्यांच्याकडे कधी काही बिघडत नाही,” मालक म्हणाले, आणि तेही अभिमानाने.

खालच्या खोलीत नुकताच राहायला आलेला ड्रायव्हर पलंग भिंतीकडे ओढून त्यावर बसला होता. सकाळी छताचा तुकडा त्याच्या उशीवर पडला. तो तोंड धुवायला उठला होता म्हणून निभावलं. त्याने संतापून मालकांना फोन केला, तेव्हा मालकांच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की गडी नवीन आहे, याला अजून आपला नियम नीट कळलेला नाही.

मालक नोकरीत असताना कारखान्याचे भांडारपाल होते. खिळा द्यायचा तरी सही घ्यायची, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही चार खोल्यांची दुमजली इमारत घेतली. भाड्यावर नवरा-बायको दोघांचं म्हातारपण निघेल, मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही, एवढाच त्यामागचा विचार. पण थोड्याच दिवसांत त्यांना कळून चुकलं, की भाडं दारातून येतं आणि नळातून वाहून जातं. आज वॉशर, उद्या फ्यूज, परवा संडासची टाकी. माणूस बोलवावा तर तो बिघाड बघण्याआधी मजुरी सांगणार. मग मालकांनी डोकं चालवलं. ज्या भाडेकरूने वर्षभरात दुरुस्तीसाठी एकदाही बोलावलं नाही, त्याचं भाडं पुढच्या वर्षी वाढवायचं नाही. नियम सगळ्यांना पसंत पडला. लोक किरकोळ कामं आपली आपण उरकू लागले आणि खर्च झपाट्याने उतरला. ओळखीचे इतर घरमालक सल्ला विचारायला येत, तेव्हा मालक खुर्चीत जरा रेलून टेलरबाईंचा दाखला देत.

टेलरबाई म्हणजे वरच्या खोलीतल्या. नवरा गेल्यावर एक शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन त्या आल्या आणि तिथेच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांची एक तक्रार नाही, त्यामुळे एकदाही भाडेवाढ नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या मालकांच्या घरी येत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून भाडं देत. मालक विचारत, “सगळं ठीक?” त्या हलक्या आवाजात म्हणत, “हो, ठीक.” एवढंच बोलणं. एकट्या बाईमाणसाच्या खोलीत उगाच कशाला डोकावायचं, असं म्हणून मालक कधी वर गेले नव्हते. खरं तर जाण्याची वेळच आली नव्हती, आणि त्याचंच त्यांना भारी कौतुक होतं.

त्या दिवशी मालक प्लंबरला घेऊन वर गेले, तेव्हा दार उघडायला टेलरबाईंनी बराच वेळ घेतला. आतून काहीतरी सरकवल्याचे आवाज येत राहिले. मालक आत शिरले आणि दारातच थबकले. मशीन, खाट, ट्रंक, शेगडी, सगळं एका भिंतीला दाटीवाटीने लावलेलं. दुसरी अर्धी खोली मोकळी होती. तिकडच्या भिंतीवर रेनकोटच्या कापडाचा, व्यवस्थित चुण्या घातलेला पडदा होता. प्लंबरने तो बाजूला केला. भिंत कमरेच्या वरपर्यंत काळीहिरवी झाली होती.

मोरीत पाइपाचा सांधा फुटला होता. त्यावर टेलरबाईंनी रेक्झिनचा एक कोट शिवून चढवला होता. दुहेरी शिलाई, कडेने पायपिंग, वर घट्ट बसायला इलॅस्टिक आणि खालच्या बाजूला चेन. कोटात साचलेलं पाणी चेन उघडून बादलीत घ्यायचं आणि बादली बाहेर ओतून यायची, अशी सोय होती. प्लंबरने शिलाईवरून बोट फिरवलं. काहीतरी गंमत करायला त्याने तोंड उघडलं होतं, पण बाईंचा चेहरा पाहून ते त्याने मिटून घेतलं.

“कधीपासून आहे हे?” मालकांनी विचारलं.

“झाली पाच-सहा वर्षं.” चोरी पकडली गेल्यासारख्या टेलरबाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. “पण मी सांभाळते हो. थेंब बाहेर जाऊ देत नाही. मागे तापाने पडून होते ना, उठवतच नव्हतं, तेव्हा बादली वाहिली असेल. जे काही पैसे होतील ते मी देईन, मालक. पण ही तक्रार धरू नका.”

पाच-सहा वर्षं ही बाई सकाळ-संध्याकाळ बादल्या उपसत होती, आणि मालक खुर्चीत रेलून तिच्या खोलीचे गोडवे गात होते.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येऊन गेला. एका तापाने हे झालेलं नाही, पाणी कित्येक वर्षं स्लॅबमध्ये झिरपत होतं, लोखंड खाऊन टाकलंय, असं त्याने सांगितलं. तेवढा भाग तोडून नव्याने ओतावा लागणार होता. वरची आणि खालची खोली ताबडतोब रिकामी करायची, एक दिवसही कुणी राहायचं नाही. सांधा तेव्हाच बदलला असता तर प्लंबरचं तासाभराचं काम होतं, हेही त्याने जाता जाता ऐकवलं. ड्रायव्हरची दुसरीकडे सोय लागली, तो त्याच दिवशी गेला. राहता यावं म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलेल्या टेलरबाईंना आता त्या गप्प राहण्यापायीच खोली सोडावी लागणार होती.

घरी येऊन मालकांनी सगळा राग बायकोसमोर काढला. एक शब्द बोलायला काय झालं होतं त्या बाईंना, मी काय खाल्लं असतं का, असं बरंच काही. बायको भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बोलली तर भाडं वाढणार, गप्प बसली तर नाही. हे कुणी ठरवलं होतं?” ती म्हणाली. “ती बिचारी गुमान तुमचा नियम पाळत होती.”

दात कोरून पोट भरत नाही, हे बायको मालकांना लग्नापासून ऐकवत आली होती. त्या दिवशी तिने ते ऐकवलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

टेलरबाईंची भाची टेम्पो घेऊन आली. मशीन उतरलं, ट्रंक उतरली. दोन दिवसांनी जी फरशी फुटणार होती, ती बाईंनी जाताना झाडून, पुसून काढली. मालक जिन्यात आडवे आले आणि म्हणाले, खोली तुमचीच आहे, काम झालं की मी स्वतः बोलवायला येतो, भाडंही तेच राहील. टेलरबाईंनी मान हलवली आणि त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. मालकांना ते ऐकवेना.

काम सुरू झालं. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदाच फार घासाघीस केली नाही. पाइप भिंतीबाहेरून घेतला, म्हणजे गळला तर कुणालाही दिसेल. मशीनपाशी उजेड यावा म्हणून खिडकी मोठी केली. आपला नियम मोडीत काढल्याचं त्यांनी उरलेल्या भाडेकरूंना घरोघरी जाऊन सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. मग हळूहळू शेजारच्या खोलीतून एक शॉक देणारं बटण बाहेर आलं, तिच्या खालच्या खोलीतून दोरीने बांधलेला संडासचा दरवाजा. मालक एकेक दुरुस्त करत गेले. वरच्या खोलीला चांगली गिऱ्हाइकं येत होती, पण ती त्यांनी परत पाठवली. हात आखडलेला होता, तरी खोली बाईंसाठी राखून ठेवली. त्या परत आल्या म्हणजे आपलं चुकलेलं पुन्हा सुरळीत होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

रंग वाळला तसे ते भाचीच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर पोहोचून बेलकडे हात नेला, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

“या खिडकीला कडी कधी बसणार आहे? महिना झाला बोंबलतेय मी. रात्रभर वारा अंगावर येतो. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?”

मालकांना वाटलं, दुसरीच कुणी बाई आहे.

“अगं हो मावशी, येतोय सुतार आज,” भाची म्हणाली. “घर डोक्यावर घेऊ नकोस.”

“घेणार. कडी बसेपर्यंत घेणार.”

आणि दोघी हसल्या. मालक तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्यांनी बेल वाजवली. टेलरबाईंनीच दार उघडलं, अजून हसतच होत्या. मालकांना पाहिलं आणि हसू गेलं. त्यांनी हात पुसले, केस कानामागे सारले आणि त्याच जुन्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, “या ना, मालक. माझं सगळं ठीक आहे.”

मालक बसले. भाचीने पाणी दिलं. समोर मशीन होतं, मशीनमागे कापडाच्या चिंधीने बांधून ठेवलेली खिडकी होती. खोली झाली का, असं बाईंनी विचारलं. झाली, चांगली झालीय, असं मालक म्हणाले.

“मग मी यायचं का?” टेलरबाईंनी विचारलं.

त्यांनी ते असं विचारलं, की मालकांनी ‘या’ म्हटलं असतं तर त्या उठून सामान बांधायला लागल्या असत्या. मालकांना ते कळलं. ‘या’ हा शब्द त्यांच्या ओठांवरच होता.

“माझं राहू द्या,” ते म्हणाले. “तुम्हाला काय हवंय ते सांगा.”

बाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

“मग नाही येत,” त्या म्हणाल्या. “इथं बरं वाटतं मला. राग मानू नका.”

“राग कसला,” मालक म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते दिसू नये म्हणून ते लगेच उठले. बाई दारापर्यंत सोडायला आल्या.

ते एक मजला उतरले असतील, तोच वरून आवाज आला. सुतार अजून का आला नाही, त्याला फोन लाव, नाहीतर मी लावते. भाची काहीतरी म्हणाली, आवाज आणखी चढला. मालक कठड्याला धरून जिन्याच्या वळणावर थांबले. बाईंचं बोलणं पुरं होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, मग एकेक पायरी उतरू लागले.