उलटं कार्ड

मी एक जुना चष्मा आहे. डावी काच जाड, उजवी तिच्याहून जाड आणि एका काडीला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. हसू नका मित्रांनो, याच रूपावर मी बावीस वर्षं छापखान्यात काढली आहेत.

माझी मालकीण मुद्रितं तपासायची. एखादा अनुस्वार जागचा हलला तरी तिच्या लाल पेन्सिलीच्या तावडीतून सुटत नसे. "ताईंनी चष्मा लावला की आमच्या पोटात गोळा येतो," असं तिथले कामगार म्हणत. ते ऐकून मी तिच्या नाकावर आणखी ऐटीत बसायचो. चुका पकडण्यात निम्मा वाटा माझा होता, असं मला आजही वाटतं.

ती गेली आणि मी कपाटाच्या खणात पडलो. वर्षभर कोणी हात लावला नाही. मग एक दिवस तिच्या मुलीने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं, छातीशी धरलं आणि चर्चमधल्या एका खोक्यात ठेवलं. त्यांच्या मंडळीतले बारा जण आठ दिवसांच्या सेवेसाठी परदेशी निघाले होते. प्रार्थना करायची, मुलांचे खेळ घ्यायचे आणि गरजूंना जुने चष्मे वाटायचे, असा बेत होता. खोक्यात आम्ही दोनशेच्या वर होतो. पुन्हा कामाला लागणार म्हणून मला आनंद झाला होता, हे मी कबूल करतो.

तिथल्या सभागृहात सकाळपासून रांग लागली. तपासणीची पद्धत सोपी होती. डोळ्यांना चष्मा लावायचा, हातात एक कार्ड द्यायचं आणि वाचायला सांगायचं. कार्डावर त्यांच्याच भाषेत शास्त्रातलं एक वचन होतं आणि वर छोटासा क्रूस. कोणी खडाखडा वाचलं की टाळ्या, फोटो आणि "पुढचे या!"

मुलीने मला एका शिवणवाल्या मावशींच्या डोळ्यांवर चढवलं. मावशींनी तरुणपणी आमच्या देशात शिवणाच्या कारखान्यात काम केलं होतं, त्यामुळे त्यांना आमची भाषा चांगली येत होती.

"हा माझ्या आईचा आहे," मुलगी म्हणाली. "बघा बरं, दिसतंय का?"

मावशींनी कार्ड हातात घेतलं आणि घडाघडा म्हणून दाखवलं. मी मात्र गारठलो. क्रूस खाली होता! कार्ड उलटं धरलं होतं, मित्रांनो! बावीस वर्षांत इतकी मोठी चूक माझ्या नजरेसमोर आली नव्हती आणि ती दाखवायला लाल पेन्सिल नव्हती. मुलीचे डोळे भरून आले होते, तिला ते दिसलंच नाही. फोटो निघाला.

त्या दिवसापासून मी मावशींच्या मशीनवर वाकून बसलो. त्यांना माझ्यातून सगळं धुरकट दिसायचं. त्या कपाळ चोळायच्या, पण मला काढायच्या नाहीत. चौथ्या दिवशी सुई सरळ बोटात घुसली. 

निरोपाच्या दुपारी मावशी बोटाला पट्टी बांधून आणि मला लावूनच आल्या. मुलीने विचारलं, "हे काय झालं?"

"काही नाही गं. जरा सुई लागली."

"चष्म्यातून नीट दिसत नाही का?"

मावशींनी पट्टीचा हात पाठीमागे नेला. मुलीने टेबलावरचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. या वेळीही ते उलटं होतं आणि या वेळी तिचं लक्ष क्रुसावर गेलं. मावशींनी वचन पहिल्यापासून शेवटपर्यंत अचूक म्हटलं.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही हे वाचलंत कसं?"

"वाचायचं कशाला? लहानपणापासून पाठ आहे. इथं सगळ्यांनाच पाठ आहे."

"मग दिसत नाही, असं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. त्यातून आईचा चष्मा म्हणालीस. नाही कसं म्हणू?"

मुलीने सभागृहभर नजर फिरवली. दोनशे माणसं, दोनशे टाळ्या, दोनशे फोटो!

ती थेट गटप्रमुख काकांकडे गेली. काकांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "आता निघायच्या वेळी कशाला? लोक खूश आहेत. राहू दे."

तेवढ्यात त्यांना फिरवणाऱ्या गाडीचा तिथलाच ड्रायव्हर आत आला. त्याच्या नाकावर आमच्याच खोक्यातला चष्मा होता. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मावशींनी मधे बोलून त्यांचा प्रश्न त्याला सांगितला आणि त्याचं उत्तर काकांना.

"हा लावून तू आम्हाला चार दिवस घाटातून नेत होतास? दिसतं तरी का?"

"तो म्हणतो, काळजी करू नका. वळणं पाठ आहेत."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या मिनिटाला ते स्वतः माईकपाशी उभे होते आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागत होते. मावशींनी ते सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मग एकेक जण उठला आणि टेबलावर चष्मा ठेवून गेला. कित्येकांनी सुटल्यासारखे डोळे चोळले.

दुसरा दिवस स्थळं बघायचा होता. बारा जणांपैकी कोणीच गेलं नाही. प्रत्येकाचे डोळे नीट तपासून नवा चष्मा मिळावा म्हणून सगळे तिथल्या चष्मेवाल्याच्या दुकानापाशी लोकांची रांग लावायला थांबले. जे त्या दिवशी उरकलं नाही, ते पाठपुरावा करून पुरं करायचं ठरलं.

पहिला नंबर मावशींचा होता. भिंतीवर नुसते आकडे होते, कोणालाही पाठ नसलेले. तीन ओळी त्यांनी वाचल्या. चौथीला अडल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

"नाही दिसत," मावशी म्हणाल्या.

मुलगी हसता हसता रडायला लागली आणि तिने मावशींचा पट्टीचा हात दोन्ही हातांत घेतला.

माझ्या दोन्ही काचा काढल्या गेल्या आणि मावशींच्या नंबराच्या बसवल्या. काडीवरचा मळका दोरा त्यांनी उसवून निळा गुंडाळला. आता मी त्यांच्या मशीनवर काम करतो. सुईचं नाक मला स्वच्छ दिसतं.

मित्रांनो, तुम्हीही कोणाला प्रेमाने काहीतरी द्याल. जरूर द्या. पण देऊन झाल्यावर टाळ्यांची घाई करू नका. समोरच्याला 'नाही' म्हणता येईल इतका वेळ त्याच्याजवळ थांबा आणि त्याच्या हातातलं कार्ड सुलटं आहे ना, तेवढं बघा.